इस्त्री आणि कृष्णाकाठ

घरी इस्त्री करणे हा वेळेचा अपव्यय, असे आमचे काही धर्मगुरुबंधू मानतात. आम्हांस ते पटत नाही. वेदीवरच्या कॉर्पोरलची नऊ चौकोनी घडी आपल्याच हातून पडावी. झग्याची गोष्ट निराळी.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. पूर ओसरल्यावर अंगावर मदतीतले चुरगळलेले कपडे, म्हणून काही कुटुंबे मिस्साला येण्यास संकोचली. त्याच कृष्णेच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यातील कराडात, गाडगे महाराजांच्या नावाचे महाविद्यालय १९५४ पासून आहे. परीट समाजात जन्मलेले महाराज स्वतः चिंध्या पांघरत. हाती झाडू मात्र सदैव! त्या घरांतून आम्ही त्यांचीच गोष्ट सांगितली. रविवारी कॉर्पोरलला इस्त्री केली. झगा तारेवरून काढला तसाच घातला.