मोबाईलवर खिंड मावत नाही

‘पावनखिंड’ थिएटरातच पाहायचा सिनेमा आहे. ओटीटीवर बघू की, असं कृपा करून म्हणू नका! याच दिग्दर्शकाचे, दिग्पाल लांजेकरांचे ‘फर्जंद’ आणि ‘फत्तेशिकस्त’ मी घरी टीव्हीवर पाहिले होते, जाहिरातींसकट, आणि मला ते आवडलेही होते. पण ऐतिहासिक सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायची ही माझी पहिलीच वेळ. पाहून चार दिवस झाले तरी डोक्यातून तो जात नव्हता.

18 फेब्रुवारी 2022 ला, शिवजयंतीच्या आदल्या दिवशी, तो लागला. त्या दिवसांत आमच्या जुन्नर-आंबेगावात दुसरं काही सुचतच नाही. गावोगावची पोरं शिवनेरीवरून शिवज्योत घेऊन पळत असतात, रस्ताभर जयघोष चालू असतो. तरी सिनेमा बघायला मला मार्च उजाडला.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, 12 जुलै 1660 ची आषाढी पौर्णिमेची रात्र, शिवाजी महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद, आणि दुसरीकडे खरी पालखी विशाळगडाच्या वाटेला लागलेली. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत पाहायचं काय उरतं? अहो, सगळंच उरतं! थिएटरात तो पाऊस चहूबाजूंनी कोसळायला लागतो. आहुपे-भीमाशंकरकडचा आषाढ ज्यानं अंगावर घेतलाय, त्याला त्या चिखलातून पालखी खांद्यावर घेऊन पळणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाय रुतल्याचा, श्वास लागल्याचा आवाज आपल्या खुर्चीच्या मागून येतो. मोबाईलच्या स्पीकरमधून यातलं काय ऐकू येणार?

आणि मग घोडखिंड, म्हणजे पुढची पावनखिंड. अजय पूरकरांचे बाजीप्रभू पाठलागावरच्या फौजेसमोर पाय रोवून उभे राहतात आणि वाट बघणं सुरू होतं. मला वाटतं, या सिनेमाचा जीव तिथेच आहे. महाराज गडावर पोहोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत खिंड सोडायची नाही, एवढंच बाजींचं काम, आणि ते काम वेळेशी झुंजण्याचं आहे. घरी आपण ती वेळ मोडतो. चहा आला, थांबवा. फोन आला, थांबवा. थिएटरात कुणालाच काही थांबवता येत नाही! अंधारात सगळे एकाच तोफेकडे कान लावून बसलेले. माझ्या शेजारच्या आजी पदर तोंडाशी धरून पुटपुटत होत्या, “वाजव रं बाबा, वाजव एकदा.” तोफ झाली तेव्हा आधी सगळे गप्प झाले, आणि मग जी घोषणा उठली ती मी जन्मात विसरणार नाही.

आम्ही नारायणगावच्या शेजारचे, तमाशाच्या पंढरीचे. तंबूत वग रंगला की हजार माणसं एकदम श्वास रोखतात, हे इथल्या जुन्या माणसांनी अनुभवलंय. तसं बसणं आमच्या पिढीला क्वचित मिळतं. या सिनेमानं मला ते मिळवून दिलं.

काही संवाद लांबलेत, संगणकावर केलेली काही दृश्यं कच्ची वाटतात. वाटोत. बाजी खिंडीत उभे राहिल्यावर ते आठवत नाही.

आपल्याकडून पुण्याला जायचं म्हणजे चाकणची कोंडी, तिकिटं, पोरांचं खाणं, खर्च होतोच. तरीही पुन्हा कधी मोठ्या पडद्यावर लागला तर जा. शाळेतल्या पोरांना न्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर नक्की न्या. मराठी सिनेमाचे खेळ बघता बघता कमी होतात, म्हणून लागला की पहिल्याच आठवड्यात जा.