गुण्या नसलेलं सुतारकाम

घराच्या मागच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली मी शिडाची होडी बांधायला घेतली, तेव्हा अमरावतीतल्या बहुतेकांनी एकच विचारलं: पाणी कुठंय? प्रश्न रास्त होता. मी अकोल्यात वाढलो. उन्हाळ्यात मोर्णेच्या पात्रात स्टंप रोवून क्रिकेट खेळलेली आमची पिढी. मुंबईचा समुद्र तिथून रेल्वेनं जवळजवळ सहाशे किलोमीटर. आणि खाऱ्या पाण्याचीच हौस असेल तर पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात ते विहिरीतच लागतं, त्यासाठी कोकण गाठायची गरज नाही.

वेगळा प्रश्न एकट्या मिस्त्रींनी विचारला. ते परतवाड्याचे, मेळघाटच्या सागाच्या वासात वाढलेले. वडील बैलगाड्या करायचे; हे दारं-खिडक्या करतात, आणि हल्ली मॉड्युलर किचन. माझा नकाशा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "सर, याले गुण्या कुठी लावाचा?"

उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. दार, पलंग, पाट, कपाट, सगळं काटकोनापासून सुरू होतं. गुण्या बसला की काम बसलं. होडीत काटकोन जवळपास नसतोच. बाजू बाहेर कललेल्या आणि पुढं जाऊन एकमेकींना भेटणाऱ्या, तळ मध्ये खोल आणि टोकांकडं उचललेला. ओळंबा सोडावा तर कशावरून, आणि पाणसळ ठेवावी तर कुठं? पाण्यावरच्या वस्तूला पाणसळ लागत नाही, ही गंमत मला तेव्हा कळली.

नकाशा माझा होता, पण कल्पना उसनी. जॅक होल्ट हा होड्यांचा आराखडाकार आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरकामाची कारागिरी शिकवणारा माणूस, या दोघांची 'मिरर' होडी 1963 साली लंडनमध्ये लोकांसमोर आली. नाव वृत्तपत्राचं, शीड लालभडक, लांबी अकरा फुटांना दोन इंच कमी, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. पुढं अशा सत्तर हजार होड्या झाल्या, त्यातल्या कितीतरी लोकांनी घरीच बांधलेल्या. युक्ती एवढीच: प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं ते एकमेकांना शिवायचे आणि मग सांध्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी रेझिननं चिकटवायची. म्हणजे सुताराचं कमी, शिंप्याचं जास्त.

शिवलेली होडी ही साहेबाची अक्कल, असं मात्र समजू नये. मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली 'कौंडिण्य' ही नौका फळ्या काथ्यानं शिवूनच बांधली आहे, केरळच्या कारागिरांनी, गोव्यात. आणि तिचा नमुना कुठला? अजिंठ्याच्या भिंतीवरचा. समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत, आमच्या बुलढाण्याला लागून असलेल्या डोंगरात कुणी तरी पाचव्या शतकाच्या सुमारास जहाज रंगवलं. त्याला कुणी "पाणी कुठंय?" असं विचारलं नसावं. दुसऱ्या लेण्यात ज्या व्यापाऱ्याची समुद्रकथा रंगवली आहे, तो सोपाऱ्याचा. त्याचं नाव पूर्ण. आमच्या नदीचं नाव पूर्णा. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला बरं वाटतं.

तांब्याची तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळाली. जळालेल्या पंपाची, किलोच्या भावानं.

कागदावरचं काम हिवाळाभर चाललं. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून मी एकास आठ मापाच्या सात होड्या केल्या. जाड पत्रिका प्लायवूडसारखीच वागते: एका दिशेनं वाकवली की दुसऱ्या दिशेनं वाकायला साफ नकार देते. पोळी तव्यावर जशी फुगते तसा फुगवटा प्लायला येत नाही. त्यामुळं सपाट तुकड्याची कड किती वळवून कापली म्हणजे शिवल्यावर हवा तो बाक येईल, एवढाच सगळा खेळ. पहिल्या तीन होड्या काठवटीसारख्या झाल्या. पाचवीचं नाक बरं होतं. सातवी बादलीत सोडली, तिच्यात सुट्टी नाणी रचून ती कुठवर बुडते ते पाहिलं. होडी, दोन माणसं आणि सामान मिळून दोनशे किलो, म्हणजे दोनशे लिटर पाणी बाजूला सरलं पाहिजे. हा आर्किमिडीजचा हिशेब मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवला, पण नाणी मोजताना तो पहिल्यांदा हाताला कळला.

खरी परीक्षा आखणीच्या दिवशी झाली. आठ बाय चारचा सहा मिलिमीटरचा मरीन प्लाय जमिनीवर अंथरला, कॉम्प्युटरनं काढून दिलेल्या मापांवर खिळे मारले आणि खिळ्यांना टेकवून सागाची लवचीक पट्टी वाकवली. आकडे दशांशापर्यंत बरोबर होते. मिस्त्री उकिडवे बसले, गाल जवळजवळ जमिनीला टेकवला, एक डोळा मिटला आणि पट्टीच्या लांबीवरून नजर फिरवली. "इथं पोट आलं," ते म्हणाले. मी माप पुन्हा पाहिलं. बरोबर होतं. "माप बरोबर असन. डौल चुकला." त्यांनी तो खिळा उपटला. पट्टी स्वतःहून एक सूत आत सरकली आणि थांबली. मग मलाही दिसलं.

नंतर माझी चूक सापडली: चार लिहायच्या जागी सात. पण त्यांना ती आकड्याविना दिसली होती. कुठून, असं विचारलं तर म्हणाले, वडील धमणीचा दांडा असाच पाहायचे, आणि चाकाचे पुठ्ठे जुळवतानाही. मोजून चाक गोल होत नाही, पाहून होतं. मला आठवलं, सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या 'सुहेली'तून 1968-69 मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले, ती सागाची बोट मुंबईत, कुलाब्यालाच बांधलेली. वाकस चालवणाऱ्या तिथल्या कारागिरांनीही असाच एक डोळा मिटला असणार. तेव्हापासून वादाच्या ठिकाणी मी पट्टीचं ऐकायचं ठरवलं. सगळेच खिळे उपटून पट्टीच्या मर्जीवर सोडावं, इतका मात्र मी भाविक नाही.

मे महिन्यात घाई नडली. 45 अंशांच्या दुपारी रेझिन आणि हार्डनर एका मगात कालवलं. सात मिनिटांत मग धुमसू लागला आणि आतला गोळा दगड. मग पहाटे चारला उठून, पसरट ताटलीत थोडं थोडं कालवायची सवय लागली. सांध्यात भरायला त्यात आरागिरणीचा भुसा, मैद्याच्या चाळणीनं चाळून, पिठल्याइतका घट्ट होईस्तोवर. चाळणीबद्दल घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

शीड सुती करायची माझी हौस होती. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला होण्याआधी अमरावतीचा कापूस आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्याच जहाजांतून लिव्हरपूलला जायचा; तिथल्या बाजारात त्याला 'ऊमरा' म्हणत. जहाजाच्या फळ्यांच्या फटींतही कापूसच ठोसत. पण सुती शीड भिजलं की जड होतं, ताणलं की आकार सोडतं. शेवटी शीड झालं ते सोयाबीनच्या ढिगावर टाकतात त्या ताडपत्रीचं. कपाशीच्या मुलखातली होडी आणि शीड प्लॅस्टिकचं. पण सोयाबीन आल्यापासून हे कुणाला नवं आहे?

बायकोची अट एकच होती. 2021 च्या सप्टेंबरात वरुडजवळच्या झुंजला वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले, ते आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. म्हणून पुढं-मागं हवाबंद पेट्या, होडी पाण्यानं भरली तरी तरंगेल अशा. आणि जाकीट अंगात चढवल्याशिवाय काठ सोडायचा नाही.

परवानगीच्या कागदांची गोष्ट होडीपेक्षा लांब आहे, ती राहू दे. ऑगस्टातल्या एका सकाळी, धरणाच्या पाण्यावर, होडी उतरली. थर्मोकोलच्या लादीवर बसून जाळं ओढणारा एक भोयाचा पोरगा जवळ आला, आतबाहेर निरखून म्हणाला, "मासोया कुठी ठेवता जी याच्यात?" मासोळ्यांसाठी मी जागाच केली नव्हती. वाऱ्याची झुळूक आली, ताडपत्री एकदा फडफडली आणि भरली.

मिस्त्री होडीत बसायला तयार नव्हते. काठावर उकिडवे बसून, एक डोळा मिटून, पाण्याची रेघ होडीला कुठं लागते ते पाहत होते. "डाव्या अंगानं एक सूत खाली हाये जी!" ते ओरडले.

मी सरकून मधोमध बसलो. त्यांनी डोळा उघडला नाही.