डाव्या कोपऱ्यातला लाल

दादा,

परवा माळ्यावरचं तुझं खोकं खाली काढलं. गोंदाची ट्यूब दगडासारखी झाली आहे, ब्रशचे केस झडलेत. पण पोलंडच्या लढाऊ विमानाचं, पीझेडएल पी-११चं, ते छोटं मॉडेल तसंच आहे. शेपटीवर चार घरांचं लाल-पांढरं चिन्ह, पंख कोरे. ते कोरे का राहिले, ते आपल्या दोघांनाच ठाऊक.

मी चौदा वर्षांचा होतो. हातात आजच्या पोलिश विमानाचा फोटो घेऊन धावत आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "दादाचं उलटं लागलंय! वरच्या डाव्या घरात पांढरा हवा." तू काही न बोलता खोकं बंद केलंस. का रे? "हे १९३९चं विमान आहे," एवढंच म्हणायचं होतंस. इतकी वर्षं मी जिंकलो असंच समजत राहिलो.

आता वाचलं सगळं. १९१८ साली लेफ्टनंट स्टेफान स्टेट्सनं आपल्या फोकर विमानावर रंगवलेली ती त्याची स्वतःची खूण. १ डिसेंबरला ती अख्ख्या पोलिश हवाई दलाची झाली. तेव्हापासून लाल डावीकडे वर होता. घरांची अदलाबदल झाली १९९३ मध्ये. माझा फोटो त्यानंतरचा होता, दादा.

आणि पंखांवरच्या तुझ्या पेन्सिलच्या खुणा? एक टोकाकडे, दुसरी बरीच आत. मला तेव्हा वाटलं, दादाला साधं मोजता येत नाही. त्या विमानांच्या पंखांवर चिन्हं मुद्दाम असमान अंतरावर काढत, शत्रूचा नेम चुकावा म्हणून. तू पट्टी घेऊन बसला होतास, ते मी पाहिलंही होतं.

तुझ्या वहीतले, युद्धात इंग्लंडमधून लढलेल्या पोलिश वैमानिकांचे फोटो रात्री पुन्हा पाहिले. देश शत्रूच्या टाचेखाली, विमानं ब्रिटिशांची, पंखांवर ब्रिटिशांचीच वर्तुळं. नॉर्थोल्टच्या ३०३ स्क्वाड्रनचं नाव तू लाल शाईनं लिहिलं आहेस. पोलिश स्क्वाड्रनांच्या विमानांवर आपलं म्हणून उरलं ते एक चिमुकलं चिन्ह: कुठे नाकाजवळ, कुठे कॉकपिटखाली, कुठे त्याच्याखाली 'पोलंड' असं लिहिलेलं. आकारही एकसारखा नाही. समासात तू लिहिलंयस, "हात वेगळा." चूक असा शब्द तुझ्या वहीत कुठेच नाही. माझ्या तोंडी मात्र तोच पहिला आला.

सायकलवर डबलसीट वळिवड्याला नेलं होतंस, आठवतं? १९४३ ते १९४८ तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. मला भूक लागली होती, मी घरी चल म्हणून भुणभुण करत होतो. तू रिकाम्या माळाकडे बघत म्हणालास, "यांतल्या कितीजणींचे भाऊ लढाईवर असतील." तेव्हा मी तुझ्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं.

वाटीत पाणी घेतलंय. पंखांवर लावायचे उरलेले डिकल पिवळे पडलेत, भिजले की फुटतील बहुतेक. फुटले तर हातानं रंगवीन. तुझ्या खुणा पुसट झाल्यात, पण दिसतात. एक टोकाकडे, एक आत.

तुझा,
धाकटा