ढिगाऱ्यावर माती रुजवताना

मँगनीज खाणीचा ढिगारा मे महिन्यात चढून जावं, तर चपलेतूनही चटका बसतो. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यातलं गुमगाव, रामटेकजवळचं मनसर, हा सगळा पट्टा मँगनीजचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे खाणकाम सुरू झालं. खनिज बाहेर गेलं. त्याच्यावरचा खडक, मुरूम, चुरा मात्र जिथे ओतला तिथेच राहिला. त्यात कुजलेलं पान नाही, गांडूळ नाही. पाऊस पडला की पाणी दगडांतून निसटतं आणि जाताना धातूचा अंश ओढ्याकडे नेतं.

अशा जागी हौसेनं रोपं आणणारा माणूस पहिल्याच वर्षी हरतो. पावसाळ्यात लावलेलं रोप दिवाळीपर्यंत हिरवं असतं, नंतर ओल संपते आणि पान करपायला लागतं. उपटून पाहिलं तर मूळ पिशवीच्या आकारातच गुंडाळलेलं, बाहेर पडलेलंच नाही. मुळानं ढिगाऱ्यात पाऊल टाकावं असं तिथे काही नसतं. म्हणून या कामात झाड सर्वांत शेवटी येतं.

गुमगावच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच क्रम धरला. आधी प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारा चोथ्यासारखा गाळ. एका उद्योगाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या जखमेवर! त्यातून सेंद्रिय पदार्थ आणि स्फुरद मिळालं, ओल धरून ठेवणारा गाभा मिळाला. मग जिवाणू: शेंगवर्गीय झाडांना रायझोबियम, इतरांना ॲझोटोबॅक्टर. आणि मुळांशी मैत्री करणारी मायकोरायझा बुरशी.

या बुरशीपाशी थोडं थांबायलाच हवं. तिचे तंतू केसाहून बारीक. मूळ जिथे शिरू शकत नाही त्या फटीत ते शिरतात, पाणी आणि स्फुरद मुळापर्यंत पोचवतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. शिवाय धातूचा बराच भाग हे तंतू स्वतःतच अडवतात, पानापर्यंत कमी जाऊ देतात. रोपाच्या मुळाशी घातलेली मूठभर बुरशीयुक्त माती वरून कोणाला दिसत नाही, पण साग, शिसू, कडुनिंब उभे राहतात ते तिच्या आधारानं.

झाडानं जमिनीतला धातू शोषून घ्यावा, अशी अपेक्षा लोक करतात. तशी झाडं आहेतही. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निळसर हिरवा असतो आणि वाळवला तर त्यात सुमारे 25 टक्के निकेल सापडतं. 1976 साली हे जगापुढे आलं. पण डोंगराएवढा ढिगारा झाडांकरवी धुऊन काढायचा तर पिढ्या लागतील. इथे झाडाचं काम धातूला जागच्या जागी धरून ठेवण्याचं आहे: मुळांनी उतार बांधायचा, पानांनी धूळ आणि पावसाचा मारा अडवायचा. म्हणूनच चाऱ्याची आणि फळांची झाडं अशा जागी टाळलेली बरी. शेळ्या कुंपण मानत नाहीत, आणि पानात चढलेला धातू त्यांच्या पोटात जातो.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती भराभर वाढते, नत्र बांधते, उतार झाकते. पण तिचा पाचोळा लवकर कुजत नाही आणि खाली दुसरं काही सहज उगवत नाही. लांबून हिरवं दिसतं म्हणून त्याला जंगल म्हणणं खोटं आहे. गवत, बांबू, करंज, शिवण, कडुनिंब यांची मिसळ जमवायला वेळ लागतो, तरी ती जमवायलाच हवी.

काही पावसाळ्यांनंतर या कामातला जाणता माणूस ढिगाऱ्यावर जातो, तेव्हा तो शेंड्यांकडे बघत नाही. उकिडवा बसतो, हातानं पाचोळा बाजूला सारतो, खालची चिमूटभर माती बोटांत चुरतो आणि नाकाशी नेतो.