लाइट्स, मोबाइल, माया!

ऑफिसमध्ये सलग बारा दिवसांची रजा मागताना काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बॉसने आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मेक्सिकोला? काय आहे तिथे?’ म्हटलं, ‘पिरॅमिड.’ ‘ते इजिप्तला असतात ना?’ असो. रजा मिळाली, विषय संपला.

खरं तर ही ट्रिप माझी नव्हतीच. बाबांची होती. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. त्यांच्या कपाटात माया संस्कृतीवरचं एक जाडजूड पुस्तक आहे, कव्हर कधीचंच निघालेलं. रिटायर झाल्यावर जाऊ, जाऊ म्हणेपर्यंत गुडघ्यांनी संप पुकारला. इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ नकार दिला. मग मीच ठरवलं. बाबा तिकडे जाऊ शकत नाहीत ना, तर आपण ‘तिकडे’च घरी आणू. फिल्म बनवू! मी, ऑफिसातली मैत्रीण, दोन मोबाइल आणि एक कॉलर माइक. झालं आमचं प्रॉडक्शन हाउस तयार!

मुक्काम युकातान राज्यातल्या मेरिदा शहरात. पहिलं लोकेशन अर्थातच चिचेन इत्सा. गेट आठला उघडतं, आम्ही पावणेआठलाच रांगेत. कारण एकच. एकही टोपीवाला टुरिस्ट नसलेली रिकामी फ्रेम! खास परवानगीशिवाय तिथे ट्रायपॉड चालत नाही, ड्रोनचं तर नावच काढू नका. मग काय, दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट दाबायची आणि श्वास रोखायचा. बारा सेकंदांचा शॉट म्हणजे प्राणायामच.

पण समोर काय होतं म्हणून सांगू! कुकुलकानचा, म्हणजे पिसं असलेल्या नागदेवतेचा पिरॅमिड. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वर आणखी एक. बेरीज करा, ३६५! दगडात बांधलेलं कॅलेंडरच ते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात, त्या सुमारास उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर सावलीचे त्रिकोण पडतात आणि साप खाली सरकत येतोय असं वाटतं. २००६ पासून वर चढायला बंदी आहे, पण खाली उभं राहून एक टाळी वाजवा. जिन्यावरून जो प्रतिध्वनी येतो, तो थेट केत्साल पक्ष्याच्या आवाजासारखा. हा आवाज मी अकरा वेळा रेकॉर्ड केला. प्रत्येक टेकमध्ये कुणीतरी बोललंच.

दुसऱ्या दिवशी उश्माल. साधारण ३५ मीटर उंच ‘जादूगाराचा पिरॅमिड’ आणि भिंतीभिंतीवर चाक या पर्जन्यदेवाचे लांब नाकाचे मुखवटे. या भागात नदी नाही. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचं आणि पुढच्या पावसाची वाट बघायची. तिथून रात्रीच्या बसने पालेंके. इथला राजा पाकाल वयाच्या बाराव्या वर्षी, इसवी सन ६१५ मध्ये गादीवर बसला आणि ६८ वर्षं राज्य केलं. देवळाच्या पोटात दडलेली त्याची कबर आल्बेर्तो रुस या पुरातत्त्वज्ञाने १९५२ साली उघडली.

घरी परतल्यावर चार वीकेंड एडिटिंग. ढोल-ढोल म्युझिक, माझा जड आवाजातला व्हॉइसओव्हर आणि टायटल ‘लुप्त झालेली माया संस्कृती’. अठरा मिनिटांची फिल्म! रविवारी आईने पोहे केले, टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि प्रीमियर झाला. बाबा पुढे सरकून बसले होते. संपल्यावर म्हणाले, ‘छान झालीय गं. पण माणसं कुठंयत?’

‘बाबा, त्यासाठीच तर पहाटे उठलो! एक माणूस येऊ दिला नाही फ्रेममध्ये.’

‘तसं नाही. हे बांधणाऱ्यांची पोरंबाळं कुठंयत?’

‘ती... लुप्त झाली ना?’

‘नवव्या शतकात शहरं ओस पडायला लागली, अगं. तीही सगळी नाही. शहर ओस पडलं म्हणजे माणसं संपली का? माझ्या पुस्तकातही नुसते दगडच आहेत. ते मी शंभरदा पाहिलेत. मला वाटलं, तू माणसं आणशील.’

खरं सांगते, जाम लागलं. चार वीकेंड घालवले होते हो! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. तिसऱ्या रात्री लॅपटॉपवर ‘नको’ नावाचं फोल्डर उघडलं. बिघडलेल्या क्लिप्स त्यात टाकल्या होत्या. उश्मालच्या वाटेवरचा एक शॉट लावला. बाहेर झाडी पळतेय आणि मागून आमचा ड्रायव्हर फोनवर आईशी बोलतोय. ‘बिश आ बेल?’ तेव्हा मी वैतागले होते, साउंड खराब केला म्हणून. त्याने हसून अर्थही सांगितला होता. माया भाषेत ‘कशी आहेस?’ असं विचारायचं तर म्हणतात, ‘तुझा रस्ता कसा आहे?’ आम्ही ‘सो स्वीट’ म्हणालो आणि पुढच्या लोकेशनकडे वळलो.

‘अपोकॅलिप्टो’ हा २००६ चा सिनेमा मी पाहिला होता. त्यातले संवाद युकातेक माया भाषेत आहेत. मला वाटलं होतं, बंद पडलेली भाषा असेल, कुणा प्रोफेसरने नटांना घोटवून घेतली असेल. प्रत्यक्षात मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत ती बोलणारे साडेसात लाखांहून जास्त निघाले! माया कुळातल्या अशा जवळजवळ तीस भाषा आजही बोलल्या जातात. पालेंकेच्या आसपास चोल बोलतात (आपल्या चोल राजांशी संबंध नाही हं!), आणि तिथल्या शिलालेखांची भाषा तिच्या जवळच्या नात्यातली. पाकालची कबर उघडली त्याच १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने लेख लिहून माया लिपी वाचायची वाट दाखवली. पुढे ती उलगडत गेली, त्यात लोकांच्या तोंडी असलेल्या या भाषांचा मोठा हात होता. म्हणजे दगड बोलले ते माणसं बोलत राहिली म्हणून! आणि मी त्याच माणसांना ‘नको’मध्ये टाकलं होतं.

फोल्डरमध्ये टोर्तिया थापणारी बाई होती, पालेंकेच्या गेटजवळ बांगड्या विकणारी मुलगी होती. पण त्यांना न विचारता शूट केलेलं. ते वापरवेना. ड्रायव्हरचा नंबर मात्र होता. ट्रान्सलेट अ‍ॅपवर स्पॅनिश जुळवून त्याला मेसेज केला. बाबांबद्दल सांगितलं, क्लिप वापरू का विचारलं. ‘हो’ आलं. दोन दिवसांनी एक व्हिडिओही आला. अंगण, कोंबड्या आणि त्याची आई.

आता फिल्म बावीस मिनिटांची आहे. टायटल बदललं, ‘रस्ता कसा आहे?’ कोबापासून याशुनापर्यंत गेलेला जवळजवळ शंभर किलोमीटरचा जुना माया रस्ताही नकाशावर दाखवलाय. अशा रस्त्यांना ‘साकबे’ म्हणतात, म्हणजे पांढरा रस्ता. ‘बिश आ बेल’मधला रस्ता तोच.

तुम्ही जाल तेव्हा सकाळचा कोवळा उजेड जरूर पकडा. पण मग मोबाइल खाली घ्या, समोरच्याला आधी विचारा आणि तो हो म्हणाला तरच रेकॉर्ड दाबा.

दुसऱ्या प्रीमियरलाही पोहेच होते. शेवटच्या शॉटमध्ये त्या आजी थेट कॅमेऱ्यात बघून विचारतात, ‘बिश आ बेल?’ बाबांनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि टीव्हीला उत्तर दिलं, ‘बरा आहे हो. जरा चढ लागलाय, एवढंच.’