चौसष्ट ठिपक्यांच्या उंचीत मराठी

आडतीवरचं ओलावा मोजायचं यंत्र, दूधसंकलन केंद्रावरचं फॅट मोजायचं मशीन, विहिरीवरचा मोटर स्टार्टर. आमच्या अंबाजोगाईच्या परिसरात शेतकऱ्याचा पैसा आणि पाणी या यंत्रांवर ठरतं. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, म्हणजे पडद्यावरचा एक आकडा पोत्याचं भवितव्य ठरवतो. त्या आकड्याशेजारचा मजकूर मात्र बहुधा इंग्रजीत असतो. एवढ्याशा मायक्रोकंट्रोलरला मराठी झेपत नाही, असं कारण सांगतात. मी असे पडदे चालवण्याचंच काम करतो, आणि हे कारण मला पटत नाही.

जुन्या 16×2 पडद्यापुरतं ते खरं आहे. तिथे एका अक्षराला आडवे 5 आणि उभे 8 ठिपके मिळतात, दोन घरांमध्ये कायमची फट असते, त्यामुळे शिरोरेघ प्रत्येक घरापाशी तुटते. स्वतः आखलेली चिन्हंही एका वेळी आठच ठेवता येतात. तिथे मराठीचा हट्ट धरू नये.

128×64 चा ग्राफिकल पडदा वेगळा. त्याचे सगळे 8192 ठिपके आपल्या ताब्यात असतात. केएस0108 जातीच्या पडद्यात दोन चिप अर्धा-अर्धा भाग सांभाळतात. 64 ओळींच्या आठ पट्ट्या केलेल्या असतात आणि एक बाइट लिहिला की पट्टीतले उभे आठ ठिपके एकदम ठरतात. सबंध पडदा 1024 बाइटचा.

इंग्रजी इथे सोपी जाते: पाच बाइट अक्षराचे, एक कोरा, की पुढचं अक्षर. मराठीत हा हिशेब पहिल्याच शब्दाला मोडतो. ‘अंबाजोगाई’ यूटीएफ-8 मध्ये साठवलं तर नऊ चिन्हांचे 27 बाइट होतात, पण वाचणाऱ्याला दिसतात पाच अक्षरं. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी साठवणीत ‘थ’च्या मागे असते, पडद्यावर ती ‘स्’च्याही आधी काढावी लागते. ‘सर्वांनी’मधला रफार साठवणीत ‘व’च्या आधी येतो आणि काढताना कान्याच्या डोक्यावर, अनुस्वाराला खेटून बसवावा लागतो. म्हणून एकेक चिन्ह घेऊन छापत जाणारा प्रोग्राम मराठीला चालत नाही. आधी हलन्ताने जोडलेली व्यंजनं, त्यांच्या मात्रा, अनुस्वार असं सगळं गोळा करून अख्खं अक्षर बांधायचं आणि मगच ठिपके उमटवायचे.

सर्वांत जपायची ती शिरोरेघ. शब्दभर एकच सरळ रेघ ओढली की काम झालं असं वाटतं, पण ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. लहान आकारात ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक उरतो तो जवळजवळ तेवढाच. ती फट बुजली की ‘भाव’चा ‘माव’ होतो आणि ‘धन’चा ‘घन’. आडतीवरच्या यंत्राला हे कसं चालेल?

उंचीचा प्रश्नही आहे. 16 ठिपक्यांत वरच्या मात्रा, रेघ, अक्षराचं अंग आणि खालचा उकार कसेबसे मावतात आणि पडद्यावर चार ओळी बसतात. पण ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरं चिखल होतात. माझं मत 24 ठिपक्यांच्या बाजूने आहे. मराठीच्या दोन ओळी आणि उरलेल्या 16 ठिपक्यांत आकडे. दोनच ओळी, पण चष्मा नसतानाही वाचता येतील अशा.

स्मृतीची अडचण आता फारशी नाही. ‘मोटर चालू’, ‘पाणी संपले’ असे ठरलेले संदेश संगणकावर नीट जुळवून त्यांची चित्रंच चिपमध्ये ठेवता येतात. 128×24 ची एक ओळ 384 बाइट घेते, पन्नास ओळींना 19,200. एटीमेगा328 या मायक्रोकंट्रोलरमध्ये 32 केबी असतात, म्हणजे तेवढ्यात प्रोग्रामलाही जागा उरते. शेतकऱ्याचं नाव मात्र आधी ठाऊक नसतं. ते यंत्रातच बांधावं लागतं, आणि खरं कौशल्य तिथे लागतं.

ही वाट नवी नाही. मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरमध्ये उभं केलेलं जिस्ट तंत्रज्ञान 1988 मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि त्या काळच्या संगणकांवर भारतीय लिप्या दिसू लागल्या. भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचं इस्की हे मानक 1991 चं. तेव्हाच्या यंत्रांत जे साधलं, ते आजच्या ईएसपी32 सारख्या चिपवर न साधायला कारण नाही. ज्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, पंचीकरण लिहिलं, तिथल्या यंत्रांनी तरी शेतकऱ्याशी परक्या लिपीत बोलू नये.

अभियांत्रिकीच्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रकल्पाची चाचणी सोप्या शब्दांवर उरकू नका. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसतात का, ‘सर्वांनी’चा रफार जागेवर बसतो का, ‘ज्ञानेश्वर’ हे नाव न तुटता उमटतं का, ते पाहा. मग तो पडदा एखाद्या वयस्क शेतकऱ्यापुढे धरा आणि वाचून दाखवायला सांगा. तो अडखळला, तर दुरुस्ती प्रोग्राममध्ये करा.