मांजर फुकटचं, माती विकतची

'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' या म्हणीचा अनुभव घ्यायचा असेल, तर फ्लॅटमध्ये मांजर पाळून पाहावे. जिन्याखाली सापडलेले पिल्लू फुकटात घरी येते. पण तिसऱ्या मजल्यावर त्याला उकरायला अंगण कुठले? मग वाणसामानाच्या यादीत 'मांजराची माती' येऊन बसते आणि वडीलधारी मंडळी विचारतात, "माती का कोणी विकत घेतं?"

घेतात, आणि १९४७ पासून घेतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लोव या तरुणाने शेजारणीला मांजरासाठी वाळूऐवजी तेल शोषणारी माती दिली. आपल्याकडे चेहऱ्याला लावतात, ती मुलतानी माती याच जातीची! पाच पौंडांची पिशवी पासष्ट सेंटला विकायला ठेवली, तेव्हा वाळू अगदी स्वस्तात मिळत असताना ही कोण घेणार, अशी शंका दुकानदाराला आली. पुढे लोव त्यावरच श्रीमंत झाला. आज मिळणारी गुठळी धरणारी माती म्हणजे बेंटोनाइट. ती आपल्या कच्छमध्ये आणि बाडमेरमध्येही निघते.

काटकसर करायची ती इथे. थर दोन-तीन इंचांचाच द्यावा. रोज फक्त गुठळ्या झाऱ्याने काढाव्यात आणि कमी झाली तेवढीच माती वर घालावी. वखारीतला चाळलेला भुसा किंवा फाडलेली वर्तमानपत्रेही चालतात. मात्र त्यांच्या गुठळ्या होत नाहीत, म्हणून ती वरचेवर पूर्ण बदलावी लागतात. बदल हळूहळू करावा, नाहीतर मांजर गादी गाठते आणि वाचलेले पैसे धुलाईत जातात.

एका घरात नेमकी उलटी काटकसर चालली होती. माती पुरावी म्हणून ट्रे चार-चार दिवस तसाच राहायचा. सुनेला दिवस गेले, तशा सासूबाई म्हणाल्या, "मांजर आता बाहेर सोडून या." सुनेचे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाईंनी मात्र समजावले: मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला अपायकारक ठरतो, पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ करावा, आणि तो गर्भवतीने नव्हे, दुसऱ्या कोणी. त्या दिवसापासून झारा मुलाच्या हातात आला. मांजर घरातच राहिले.

आणखी दोन गोष्टी. गुठळ्या संडासात टाकू नयेत. ही माती पाण्याने फुगते आणि पाइप तुंबला की प्लंबरच महाग पडतो. ट्रे फिनेलने धुऊ नये, ते मांजराला विषारी असते. साबण आणि गरम पाणी पुरे. बचत मातीत करावी, सफाईत नव्हे.